टरबुजांत आलेला कोल्हा

त्या घरात भाड्यानं राहायचं तर संक्रांत झाली की साबण बंद. खोली दाखवतानाच घरमालकांनी मला हे सांगितलं होतं. मी हसले, पण ते हसले नाहीत.

"बाई, ही शर्त आहे. मोरीचं पाणी थेट टरबुजाला जातं. तुम्ही डाळीच्या पिठानं न्हा, मुलतानी मातीनं न्हा. साबणाचा फेस माझ्या वेलाला लागला तर खोली त्याच दिवशी खाली करावी लागेल. कबूल असेल तर सामान आणा."

मी कबूल केलं. औरंगाबादेत एकट्या बाईला खोली मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. पोलीस अॅक्शन होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मी वैजापूरकडची, शेतकऱ्याच्या घरची, नुकतीच मास्तरीण झालेली. माझे यजमान फर्दापूरला रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होते, महिन्यातनं एकदोनदा येत. बेगमपुऱ्याच्या मागं खाम नदीच्या अंगाला ते दगडी घर होतं. पुढच्या दोन खोल्या मालकांच्या, मागची एक माझी. मागच्या अंगणात विहीर आणि टरबुजाची आळी. त्यापलीकडं कंबरेएवढी पडकी भिंत, मग नदीचं कोरडं पात्र आणि बाभळी. संध्याकाळ झाली की तिकडं बघायला मला नको वाटायचं.

मालक निजामाच्या अदालतीत पेशकार होते. मुन्सफापुढं मुकदम्याचे कागद एकेक करून ठेवायचे, हे त्यांचं काम. सगळी नोकरी उर्दूत झालेली. राज्य बदललं, अदालतीची भाषा मराठी झाली, आणि घरात जन्मापासून मराठी बोलणारा हा माणूस कचेरीत एका दिवसात अडाणी ठरला. पन्नाशीत ते शाळकरी पोरासारखे मराठी मसुदे घोटून शिकले. पेन्शनीत निघाले तरी गल्लीत त्यांना पेशकारसाहेबच म्हणत. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. घरात माणूस नाही म्हणून असेल, पण ते टरबुजाच्या वेलांनाच पक्षकार समजत. "चार नंबरच्या फरीकाला आज पाणी नाही. त्याची तारीख उद्याची आहे," असं ते अगदी गंभीरपणे म्हणत.

टरबूज म्हणजे नदीकाठच्या वाळूतलं पीक. पेशकारसाहेबांनी ते घराच्या अंगणात, काळ्या मातीत, एका उथळ विहिरीच्या भरवशावर धरलं होतं. थंडी संपल्याशिवाय बी उगवत नाही, आणि वैशाख अर्धा गेला की विहीर तळ दाखवते. "या दोहोंच्या मध्ये जी मुद्दत मिळते, तेवढ्यात फैसला झाला पाहिजे," ते म्हणत. मुद्दत वाढवण्यासाठी ते काय वाट्टेल ते करत. संक्रांतीच्या आधीच बी कोमट पाण्यात भिजवायचे, ओल्या फडक्यात बांधायचे आणि ती पुरचुंडी पोटाशी, धोतराच्या कनवटीला खोचून हिंडायचे. अंगाच्या उबेनं बी लवकर फुटतं म्हणून. तेवढे दिवस ते गल्लीतही निघत नसत. कुणी आलंच तर पोटावर हात धरूनच बोलत.

वेलाला फुलं आली की सकाळी अंगणात कुणी बोलायचं नाही, कपडे झटकायचे नाहीत. मधमाशा बिचकतात. मधमाशांवरही त्यांचा पुरता भरवसा नव्हता. नराचं फूल तोडून ते स्वतः मादीच्या फुलावर टेकवत, आणि तेव्हा श्वास रोखून धरत. एका वेलाला दोनच फळं ठेवायची, बाकीची पोरवयातच खुडायची. खुडलेल्या कोवळ्या फळांची भाजी ते मलाही देत, पण देताना तोंड असं करत की घास घशाखाली उतरायचा नाही.

मला त्यांची भीती वाटायची. एकदा यजमान फर्दापूरहून आले आणि सवयीनं साबण लावून न्हाले. पेशकारसाहेबांनी मोरीच्या पाटाशी वाकून वास घेतला. कुदळ आणून पाट फोडला, पाणी भिंतीकडं वळवलं, आणि यजमानांच्या हातात पोहरा दिला. सगळा पाट धुऊन होईपर्यंत यजमान विहिरीतनं पाणी ओढत होते आणि साहेब बाजूला उभे. खोली मात्र खाली करायला लावली नाही. जाताना यजमान मला हळूच म्हणाले, "तू हितं कशी राहतीस?"

पण स्वतः पेशकारसाहेब कशाला घाबरत असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. ते सांगायचे, "रझाकारांच्या वेळेला मी माझ्या टेबलाशी होतो. नंतर फौज आली तेव्हाही टेबलाशीच होतो. पळणाऱ्या माणसाच्या फायली कोण सांभाळणार?" ही फुशारकी नव्हती. गल्लीतली जुनी माणसंही तेच सांगत.

त्या वर्षी होळी होऊन गेली होती. फळं नारळाएवढी झाली होती. माझी शाळा सकाळची होती. वेणी घालून मी मागचं दार उघडलं, तर आळ्यांमध्ये कोल्हा उभा.

कोल्हे टरबुजाला येतात हे मला माहीत होतं. आमच्या शेतातही येत. पण ते रात्री येतात, चाहूल लागली की पळतात. हा ऊन पडल्यावर आला होता आणि फळाकडं बघतही नव्हता. मान खाली टाकून, पाय फाकवून नुसता उभा होता. तोंडातनं लाळेची तार लोंबत होती. मी दार वाजवलं, तरी त्यानं मान वर केली नाही.

पेशकारसाहेब पुढच्या अंगानं काठी घेऊन आले. "हट," म्हणाले. कोल्हा वळला आणि पळून जायच्या ऐवजी सरळ त्यांच्यावर गेला. काठी पडल्याचा आवाज झाला, धोतर फाटल्याचा आवाज झाला, आणि तो त्यांच्या पायाजवळनं निघून भिंतीच्या पडक्या जागेतनं नदीत उतरला.

"साहेब, लागलं का?"

"नाही. धोतर बाभळीच्या काट्याला अडकलं. तुम्ही शाळेत जा." मग फळांकडं बघून म्हणाले, "तोंड लावलं नाही त्यानं."

दुपारी मी परत आले तेव्हा त्यांनी पोटरीला फडकं बांधलेलं होतं आणि त्यावर हळदीचा डाग होता. त्यांना काही विचारायची रीतच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून एक नवीच गोष्ट सुरू झाली. मी शाळेला निघाले की ते विहिरीपाशी पितळेचा पेला घेऊन उभे असत. मला थांबवत. पेला तोंडाला लावून सगळं पाणी एका दमात पीत आणि पेला उलटा करून दाखवत.

"बघितलंत? गवाह राहा."

त्यांच्या हजार तऱ्हांतली ही एक, असं मी धरून चालले. कधी "हो साहेब" म्हणायची, कधी हसायची. ते हसत नसत. पाणी पिताना त्यांचे डोळे पेल्यावरनं माझ्याकडं लागलेले असत.

आठवडाभरानं यजमान आले. जेवताना मी त्यांना कोल्ह्याची गोष्ट सांगितली, गंमत म्हणूनच. यजमानांचा हात ताटात थांबला.

"दिवसा आला व्हता? उजेडात?"

"हो."

"लाळ गळत व्हती?"

"हो."

"आन् माणसाला बघून पळाला नाय?"

पिसाळलेलं जनावर चावलं की माणसाला पाण्याचं भ्या बसतं, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. तो पेला, ते "गवाह राहा", आणि पोटरीचं ते फडकं, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढं आलं. भिंतीपलीकडं साहेबांच्या खोकल्याचा आवाज आला, तरी मी दचकले.

यजमान लगेच त्यांच्याकडं गेले. मीही मागं गेले. साहेब खाटेवर बसले होते.

"साहेब, पाय दाखवा," यजमान म्हणाले.

"काटा लागलाय."

"मंग दाखवायला काय हरकत हाय?"

मग त्यांनी फडकं सोडलं. पोटरीवर दातांच्या खुणा होत्या. वरनं खपली धरलेली, खाली लाल.

"सरकारी दवाखान्यात याची इंजेक्शनं मिळतात साहेब," मी म्हणाले. "उद्या सकाळी जाऊ. टांगा सांगते."

"कुठंही जायचं नाही. आणि बाहेर एक शब्द बोलायचा नाही. दोघांनीही." त्यांचा आवाज कचेरीतल्यासारखाच होता. "माझ्या चुलत्याला कुत्रं चावलं होतं. मी लहान होतो. गावात कळलं, आणि ज्या दिवशी त्याला पाणी गिळवेना त्या दिवशी त्याला गोठ्यात नेऊन बांधला. बाहेरून कडी घातली. कडी माझ्या वडलांनीच घातली, बाई. सख्ख्या भावानं. तो आतनं एकेकाचं नाव घेऊन हाका मारत होता. माझंही नाव घेतलं त्यानं. कुणी गेलं नाही. मग हाका थांबल्या." त्यांनी फडकं पुन्हा बांधायला घेतलं. "एकदा लोकांना कळलं, मग माणूस माणूस राहत नाही. मी रोज पाणी पितोय. तुम्ही गवाह आहात. अजून मी ठीक आहे."

यजमानांनी समजावलं, मी समजावलं. ते ऐकेनात. सोमवारी यजमानांना कामावर जाणं भाग होतं. जाताना त्यांनी मला बजावलं, "त्यांच्या जास्त जवळ जाऊ नको." त्यांचंही चूक नव्हतं. मी खोलीला आतनं कडी घातली, आणि कडी घालताना मला त्या चुलत्याची आठवण झाली. कडीवरचा हात मग काढताही येईना आणि ठेवताही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब विहिरीपाशी उभे होते. मी लांबच थांबले. त्यांनी पेला उचलला. ओठाशी नेला. आणि तिथंच थांबले.

त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली झाली. पेला तोंडापासून दूर झाला. पुन्हा जवळ नेला. घशातनं काहीतरी घुसमटल्यासारखा आवाज आला आणि पाणी हनुवटीवरनं, सदऱ्यावरनं खाली ओघळलं. पेला हातातनं निसटून विहिरीच्या कठड्यावर आपटला. ते माझ्याकडं बघत होते. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर मी तसं भ्या त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

माझे पाय दाराकडं वळले होते, हे मला आजही आठवतं. पण ते हळूच म्हणाले, "बाई, कडी घालू नका."

मी पळत गल्लीत गेले. कोपऱ्यावर टांगेवाले चाचा घोड्याला चारा घालत होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "काटे तो नै ना किसी को?" मी नाही म्हणाले. "तो चलो," म्हणाले आणि टांगा जोडला. साहेबांना त्यांनी स्वतः हाताला धरून बसवलं. मी त्यांच्या शेजारी बसले. टांगा मकाई दरवाज्याशी आला. दरवाज्याखालनं जाताना अंधारल्यासारखं झालं तेव्हा त्यांनी माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं, आणि ते दवाखान्यापर्यंत सोडलं नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी जखम पाहिली, दिवस विचारले, डोळे पाहिले. मग एका चमच्यात पाणी घेतलं आणि साहेबांशी त्यांच्या नोकरीबद्दल बोलायला लागले. कोणत्या मुन्सफाकडं होता, मुकदमे कसले यायचे. साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टरांनी चमचा आत रिकामा केला. पाणी सहज उतरलं.

"हा तो रोग नाही," डॉक्टर म्हणाले. "तो इतक्या लवकर बहुधा येत नाही. रात्रभर भीत बसलात, म्हणून घसा आवळला. पण रोग येणारच नाही असं मी म्हणत नाही. आठवडा फुकट घालवलात. आजपासून रोज पोटात सुई घ्यायची."

दोन आठवडे रोज टांगा दाराशी येत होता. ज्या पोटाशी बियांची पुरचुंडी असायची, ते पोट गाठींनी सुजून गेलं. ते वाकू शकत नव्हते, म्हणून आळ्यांना पाणी मी घालत होते. ते खाटेवरनं सांगत, कोणाला किती. विहिरीत पोहरा टाकला की तो खरवडत वर यायचा, अर्धा गाळ, अर्धं पाणी. फळं भरत होती. मी पोहरा ओढायची आणि कान त्यांच्याकडं असायचे. आवाज बदलला का, खाकरले का, पाणी मागितलं का. सुया संपल्या, तरी ती भीती संपली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढं काही महिने लक्ष ठेवा. आम्ही दोघंही लक्ष ठेवत होतो, मी त्यांच्यावर आणि ते स्वतःवर.

चैत्र संपता संपता पहिलं फळ तयार झालं. देठाजवळचा तणावा, वेलाचा तो पीळदार तंतू, वाळून तांबूस झाला होता, मातीला टेकलेला पांढरा डाग पिवळा पडला होता. साहेबांनी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, मला वाजवायला लावलं. दबका, भरल्या घरासारखा आवाज आला. देठ त्यांनी सुरीनं कापला. "हे डॉक्टरांचं," म्हणाले.

चाचांच्या टांग्यातनं आम्ही ते टरबूज घेऊन गेलो. दवाखान्याच्या ओसरीवर माणसं भिंतीला चिकटून उभी होती. शेवटच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं आणि आतनं आवाज येत होता. तो ओरडण्याचाही नव्हता, रडण्याचाही नव्हता. कुणीतरी श्वास गिळायचा प्रयत्न करत असल्यासारखा होता. डॉक्टर बाहेर आले. साहेबांना पाहून ते थबकले.

"तुम्ही आज यायला नको होतं," ते म्हणाले. "नदीवरचा परीट आहे. होळीनंतर कोल्हा चावला होता, खांद्यावर. मोठं जनावर होतं, उजाडल्यावर घाटावर आलं, असं त्याची बायको सांगते. कुणाला बोलला नाही. धंदा बसेल, लोक कपडे देणार नाहीत म्हणून."

मी साहेबांचा दंड धरला. टांगा बाहेर उभा होता, परत फिरायला काहीच लागत नव्हतं.

त्यांनी टरबूज माझ्या हातात दिलं. "त्याच्याजवळ कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कोणी थांबत नाही. बायकोला आम्हीच बाहेर ठेवलंय. आता करण्यासारखं काही नाही."

"मी बसतो."

"पेशकारसाहेब, लाळेपासून धोका असतो."

"मी सुया घेतल्यात. तुमच्याच हातच्या. आणि लांब बसेन."

डॉक्टरांनी मनाई केली नाही, परवानगीही दिली नाही. साहेबांनी दार लोटलं आणि आत गेले. दार त्यांनी मागं ओढलं नाही, उघडंच ठेवलं. बाहेरची माणसं आणखी मागं सरली. मी उघड्या दारातनं पाहिलं. माणूस खाटेला चादरीनं बांधलेला होता, तिशीतला, दंड धुण्याच्या कामानं भरलेले. पंख्याची झुळूक आली तरी त्याचं सगळं अंग झटका खात होतं. साहेब एक स्टूल ओढून त्याच्या पायाशी बसले. स्टुलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, ते मला ओसरीवरनं दिसत होतं. त्यांनी त्याला नाव विचारलं. त्यानं सांगितलं. मग ते अधूनमधून नुसतं त्याचं नाव घेत राहिले, इकडचं तिकडचं बोलत राहिले. दोन झटक्यांच्या मध्ये तो शुद्धीवर असायचा आणि त्यांच्याकडं बघायचा. ऊन ओसरीच्या पायऱ्या उतरून गेलं तेव्हा साहेब उठून बाहेर आले. सगळं संपलं होतं.

परीट घाटावर त्याची बायको राहायची. तिला टांग्यातनं घरी आम्हीच सोडलं. टरबूज माझ्या मांडीवर होतं, डॉक्टरांना द्यायचं राहूनच गेलं होतं. ती उतरून टांगा वळल्यावर साहेब म्हणाले, "बाई, तो कोल्हा माझ्या अंगणातनं घाटाकडं गेला. मी त्याच दिवशी गल्लीत ओरडून सांगितलं असतं, तर हा माणूस सावध झाला असता. निदान दवाखान्यात गेला असता." मी म्हणाले, "तो आधी घाटावर गेला असेल साहेब, कुणाला माहीत?" ते म्हणाले, "कुणालाच नाही. हाच मुद्दा आहे."

फळं त्या वर्षी चांगली उतरली. कोणत्या फळाचा कधी फैसला करायचा, हे ते मला सांगत, पण स्वतः घरात थांबत नसत. जेवण झालं की काठी घेऊन निघायचे. आधी परीट घाटावर, मग नदीकाठच्या सगळ्या वस्त्यांवर. दारोदार उभे राहायचे, ज्या माणसानं आयुष्यात कुणाच्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता तो. धोतर गुडघ्यावर घेऊन पोटरीच्या खुणा दाखवायचे. "हे बघा. मला चावला. मी लपवलं. तुम्ही लपवू नका. सरकारी दवाखान्यात सुई मिळते. घरात कुणाला बांधू नका." आधी लोक घाबरून दार लावत. मग हसायला लागले. पोरं मागं लागत. "पेशकार पिसाळलाय," असं गल्लीत सर्रास म्हणू लागले. त्यांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "म्हणू द्या. पिसाळलेल्याचं लोक लक्षात ठेवतात."

त्यांना काही झालं नाही. दिवाळी आली, गेली. माझी बदली वैजापूरला झाली. निघायच्या दिवशी मी पुढच्या खोलीत नमस्काराला गेले तर ते घरात नव्हते. सामान टांग्यात चढलं. चाचांनी टांगा नदीच्या रस्त्यानं घेतला. घाटावर बायका कपडे आपटत होत्या आणि त्यांच्यापुढं वाळूत पेशकारसाहेब उभे होते, धोतर वर खोचलेलं, एक पाय दगडावर ठेवलेला. दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक तरणी बाई मात्र हसत नव्हती. तिनं हातातला कपडा खाली ठेवला, स्वतःच्या लेकराला पुढं ओढलं आणि त्याच्या हाताची बाही वर सारून साहेबांना काहीतरी दाखवू लागली. साहेब गुडघ्यावर बसले. चाचा म्हणाले, "रोकूं क्या, बाई?"

मी नको म्हणाले. ते कामात होते.